लय आणि सम : चित्र व ध्वनी एका घड्याळावर आणण्याची सव्वाशे वर्षांची कथा

१/
दोन पुरुष एकमेकांना धरून संथपणे नाचत आहेत. शेजारी एक गृहस्थ व्हायोलिन वाजवतो आहे आणि त्याच्या पुढ्यात एक भलामोठा कर्णा आहे. दृश्य जेमतेम सतरा सेकंदांचे. अमेरिकेत न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथे, एडिसनच्या 'ब्लॅक मारिया' या स्टुडिओत, १८९४-९५च्या सुमारास ते टिपले गेले. वादकाचे नाव विल्यम डिक्सन, एडिसनचा सहायक. ध्वनीसह टिपलेली ही आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी चित्रफीत. मात्र ती आवाजासह पाहायला जगाला शंभरहून अधिक वर्षे थांबावे लागले. ते का, हे या धाग्यात पाहू.

२/
त्या दिवशी कर्ण्यातून आलेला आवाज मेणाच्या एका नळकांड्यावर कोरला गेला होता. पुढे फीत एका संग्रहात राहिली, नळकांडे दुसऱ्या संग्रहात. नळकांडे तर फुटलेल्या अवस्थेत होते. १९९८ साली ते जोडून त्यावरील ध्वनी उतरवण्यात आला. वादन सुरू होण्यापूर्वी सगळे तयार आहेत ना, असे विचारणारा एक पुरुषी आवाजही त्यात ऐकू येतो. तरीही चित्र आणि ध्वनी जुळेनात, कारण दोन प्रश्नांची उत्तरे कोणीच लिहून ठेवली नव्हती.

३/
पहिला प्रश्न : ध्वनीतला नेमका कोणता क्षण चित्रातल्या पहिल्या फ्रेमशी जुळवायचा?
दुसरा प्रश्न : दोहोंचा वेग किती ठेवायचा?
२००० साली चित्रपट-संपादक वॉल्टर मर्च यांनी संगणकाच्या साहाय्याने, गजाची हालचाल आणि स्वर यांची सांगड घालत, ही दोन्ही उत्तरे शोधली. सतरा सेकंदांसाठी एवढा खटाटोप! आज स्टुडिओत जे समकालन यंत्र, म्हणजे सिंक्रोनायझर, बसवले जाते ते याच दोन प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी.

४/
आपल्या संगीताच्या श्रोत्याला हे दोन प्रश्न नवे नाहीत. गवई आणि तबलजी यांचा मेळ बसायला दोन गोष्टी लागतात. दोघांची लय एक हवी आणि दोघांची सम एक हवी. लय सारखी पण सम वेगळी असेल तर दोघे समान वेगाने, पण कायमच एकमेकांपासून काही मात्रा दूर चालत राहतात. सम एकदा जुळली पण लय किंचित वेगळी असेल, तर पहिल्या आवर्तनात सगळे गोड वाटते आणि दहाव्या आवर्तनात बैठक विस्कटते. पुढील सारा इतिहास या दोन शब्दांच्या आधारे वाचता येतो.

५/
प्रथम एक शंका दूर करू. थोडा मेळ चुकला तर बिघडते काय? मैदानाच्या दूरच्या कट्ट्यावर बसून क्रिकेट पाहिले असेल, तर फलंदाजाने चेंडू टोलावलेला आधी दिसतो आणि 'टॉक्' नंतर ऐकू येते, हे ठाऊक असेल. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे ३४ मीटरांना सेकंदाचा दहावा भाग लागतो. निसर्गात आवाज नेहमी दृश्यामागून येतो आणि मेंदूला तेच अंगवळणी पडले आहे. त्यामुळे आवाज मागे पडला तर आपण काहीसे सोसतो. पुढे गेला तर मात्र लगेच खटकते.

६/
दूरचित्रवाणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत ही मर्यादा आकड्यांत दिली आहे. आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद मागे पडला, की प्रेक्षकाला ते जाणवू लागते. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर हे अंतर पुढे एका फ्रेमहून थोडे अधिक आणि मागे तीन फ्रेम एवढेच भरते. म्हणजे संपूर्ण कार्यक्रमभर, तास दोन तास, यंत्रांना इतक्या चिंचोळ्या पट्ट्यात राहावे लागते.

७/
आता पुन्हा एडिसनकडे. १८९५चा त्याचा 'किनेटोफोन' म्हणजे डोळा लावून पाहायची पेटी आणि कानाला लावायच्या नळ्या. त्यात चित्र आणि आवाज एकाच वेळी चालत, पण त्यांच्यात खरा मेळ नव्हता. १९१३ साली त्याने पडद्यासाठी नवा किनेटोफोन आणला. ध्वनियंत्र पडद्यापाशी, प्रक्षेपक प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला आणि दोहोंना जोडणारी, कप्प्यांवरून गेलेली लांबलचक दोरी. दोरी ताणली, सैल पडली, चालकाचा हात चुकला, की पडद्यावरचा माणूस तोंड मिटून बोलू लागे. डिसेंबर १९१४च्या आगीत वेस्ट ऑरेंजचा कारखाना होरपळला आणि हा उद्योगही तिथेच थांबला.

८/
फ्रान्समध्ये लेऑन गोमाँ यांनी दोरीऐवजी वीज वापरली. १९०२ साली दाखवलेल्या त्यांच्या 'क्रोनोफोन'मध्ये तबकडीची मोटार आणि प्रक्षेपकाची मोटार विजेच्या तारांनी एकमेकींशी बांधलेल्या होत्या, जेणेकरून एकीचा वेग तोच दुसरीचा व्हावा. चालकाजवळ मेळ सुधारण्यासाठी एक नियंत्रक असे. हे लयीचे उत्तर होते आणि ते उत्तम होते. पण तबकडीवर सुई पहिल्यांदा ठेवायची कुठे, हा समेचा प्रश्न माणसाच्या हातावरच राहिला.

९/
१९२६ साली वॉर्नर ब्रदर्सने 'व्हिटाफोन' ही पद्धत आणली. ६ ऑगस्ट १९२६ला 'डॉन जुआन' आणि ६ ऑक्टोबर १९२७ला 'द जॅझ सिंगर' प्रदर्शित झाला. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी १६ इंची तबकडी एका रिळाला पुरे, म्हणजे सुमारे अकरा मिनिटे. तबकडी आणि प्रक्षेपक एकाच मोटारीवर चालत, त्यामुळे लय पक्की. समेसाठी तबकडीवर खूण आणि फितीवर आरंभीची फ्रेम. विशेष म्हणजे सुई आतून बाहेरच्या दिशेने सरके.

१०/
मग अडचण कुठे आली? फीत तुटण्यात! प्रक्षेपणात फीत तुटली की जोडताना दोनचार फ्रेम कापाव्या लागत. तबकडीवरचा आवाज मात्र कापता येत नसे. लय शाबूत, सम गेली. त्या जागेपासून रिळाच्या शेवटपर्यंत ओठ आणि शब्द यांच्यात तेवढेच अंतर राही. म्हणून कापलेल्या फ्रेमइतकीच काळी फीत मध्ये जोडावी लागे. सुई खाच चुकली तरी हाच घोळ. एकच मोटार असूनही मेळ तुटतो, कारण ती फक्त एका प्रश्नाचे उत्तर देते.

११/
सेकंदाला २४ फ्रेम हा आकडाही याच काळात स्थिरावला. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवत. वेग सोळा असो वा वीस, डोळा चालवून घेई. कान मात्र असा उदार नसतो. वेग जरा हलला की स्वर उतरतो वा चढतो, हे कोणालाही लगेच कळते. म्हणून ध्वनी आला तेव्हा फितीला मिनिटाला ९० फूट असा ठाम वेग ठरवून देण्यात आला. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात सोळा फ्रेम बसतात, म्हणजे सेकंदाला बरोबर चोवीस. चित्राचे घड्याळ कानाने लावून दिले.

१२/
तबकडीला पर्याय होताच. जर्मनीत १९२२ साली 'ट्राय-एर्गॉन'च्या संशोधकांनी आणि अमेरिकेत १९२३ साली ली डी फॉरेस्ट यांनी ध्वनी प्रकाशात रूपांतरित करून थेट फितीच्या कडेला छापून दाखवला होता. आता फीत तुटली तरी चित्र आणि ध्वनी दोन्ही एकत्रच तुटतात. लय एक, सम एक. तरीही त्यात एक गंमत आहे. फ्रेमच्या अगदी शेजारी तिचा आवाज नसतो. तो सुमारे वीस फ्रेम पुढे छापलेला असतो. चित्रासाठी फीत क्षणोक्षणी थांबत जाते, ध्वनीसाठी ती अखंड सरकावी लागते. एकाच जागी दोन्ही शक्य नाही.

१३/
आता मुंबई. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक चित्रपटगृहात अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' झळकला. हा भारताचा पहिला पूर्ण बोलपट. त्यासाठी 'टॅनार' हे यंत्र वापरले गेले. ते एकाच निगेटिव्हवर चित्र आणि ध्वनी एकदम उमटवी. मेळ बसवण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्याची किंमत वेगळ्या रीतीने मोजावी लागे. जे टिपले तेच कायम. स्टुडिओजवळून रेल्वे धावत असे, म्हणून चित्रीकरण रात्री, गाड्या थांबल्यावर. वादक वाद्यांसह कॅमेऱ्याच्या नजरेआड दडलेले.

१४/
या एकनिगेटिव्ह पद्धतीत संपादन करणे म्हणजे तारेवरची कसरत. ध्वनी वीस फ्रेम पुढे असल्याने चित्र जिथे कापाल तिथे आवाज भलत्याच शब्दावर कापला जातो. आज 'आलम आरा'ची एकही प्रत उपलब्ध नाही. त्या रात्रींत दडून वाजवणाऱ्या वादकांचा एकही स्वर आपण ऐकू शकत नाही. डिक्सनचे सतरा सेकंद दोन तुकडे होऊन का होईना, उरले. आपला पहिला बोलपट दोन्ही अंगांनी गेला.

१५/
पुढच्याच वर्षी, १९३२ साली, कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' तयार झाला. मराठीतील हा पहिला बोलपट, दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे. ध्वनीची बाजू विष्णुपंत दामले यांनी सांभाळली. मुळात पडदे रंगवणारा, यंत्रांत रमणारा हा माणूस स्वतःच्या हाताने नवी विद्या आत्मसात करत गेला. पुढे प्रभात पुण्याला गेली आणि त्याच आवारात आज राष्ट्रीय चित्रपट प्रशिक्षण संस्था आहे. तिथे ध्वनी शिकणारे विद्यार्थी त्याच जुन्या प्रश्नांची नवी उत्तरे शिकतात.

१६/
जगभर लवकरच दुहेरी पद्धत रूढ झाली. कॅमेरा वेगळा, ध्वनिमुद्रक वेगळा. संपादनाला मोकळीक मिळाली, पण डिक्सनचे दोन्ही प्रश्न परत आले. लयीसाठी दोन्ही यंत्रांच्या मोटारी एकाच वीजपुरवठ्याच्या कंपनांशी बांधल्या गेल्या. समेसाठी आली ती पाटी. 'सीन अमुक, टेक तमुक' असे म्हणत फळी आपटणे हा काही समारंभ नव्हे. फळ्या ज्या फ्रेममध्ये एकमेकींना टेकतात ती फ्रेम आणि ध्वनीत 'टक्' असा जो सुळका उठतो तो, या दोन खुणा एकमेकींवर ठेवल्या की सम मिळाली.

१७/
दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय टेप सर्वत्र पसरली. स्वस्त, हलकी, आवाज सुरेख. परंतु चित्रफितीला कडेने भोके असतात, दातेरी चक्र ती मोजून ओढते. टेपला भोके नाहीत. ती रबरी चाकावरून किंचित घसरते, उन्हाने ताणली जाते. दहा मिनिटांच्या मुद्रणात ती कुठेतरी सेकंदाचा अंश हरवते आणि तो नेमका कुठे हरवला, हे सांगायला तिच्यावर कसलीच खूण नसते.

१८/
यावरचा तोडगा फार चतुर होता. टेपवर आवाजाबरोबर आणखी एक ठोका मुद्रित करायचा. कॅमेऱ्याच्या मोटारीला जोडलेले लहानसे जनित्र सेकंदाला ५० वेळा (अमेरिकेत ६०) स्पंदन देई आणि ते तारेने ध्वनिमुद्रकाकडे जाई. ही 'पायलटटोन' पद्धत. नंतर आवाज उतरवताना त्या ठोक्यांकडे पाहत टेपचा वेग क्षणोक्षणी सुधारला जाई. टेप घसरली तर ठोकेही तिच्यासोबत घसरतात; म्हणून चूक स्वतःच स्वतःचा पत्ता सांगते. टेपला कागदोपत्री भोके पाडली गेली म्हणा ना!

१९/
स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झालेले, जन्माने पोलिश असलेले अभियंता स्टेफान कुडेल्स्की यांनी १९५१ साली 'नाग्रा' हे खांद्यावर नेता येणारे ध्वनियंत्र बनवले. नंतरच्या आवृत्तीत पायलटचा ठोका दोन अरुंद पट्ट्यांवर परस्परविरुद्ध उमटवला जाई. आवाज वाचणाऱ्या डोक्याला दोन्ही मिळून शून्य वाटत, म्हणजे ठोका आहे, पण ऐकू येत नाही. १९६०च्या दशकात स्फटिकावर चालणारी अचूक घड्याळे आली, तेव्हा कॅमेरा आणि नाग्रा यांच्यातील तारही सुटली. माहितीपटकार माणसांमागे रस्त्यावर, घरात, सभेत मोकळेपणाने फिरू लागले.

२०/
आपल्याकडे मात्र बराच काळ दुसरी वाट चालली. बाह्यचित्रीकरणात वापरले जाणारे हलके कॅमेरे घरघरत, गर्दी ओरडत असे. म्हणून स्थळावरचा आवाज केवळ संदर्भापुरता घ्यायचा आणि नटाने महिन्यांनी अंधाऱ्या खोलीत स्वतःच्याच ओठांकडे पाहत संवाद पुन्हा म्हणायचे, हा रिवाज पडला. २००१च्या 'लगान'ने कच्छच्या उघड्या माळावर स्थळावरचाच आवाज घेण्याचे ठरवले, तेव्हा त्याची एवढी चर्चा झाली ती यामुळेच. दरम्यानच्या दशकांतील असंख्य चित्रपटांत आपण जो आवाज ऐकतो, तो त्या क्षणाचा नाही. हिंदी-मराठी चित्रपटांचा अभ्यास करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

२१/
व्हिडिओटेपने पेच वाढवला. १९५६ साली अँपेक्सचे यंत्र आले. या टेपवर चित्र असते, पण डोळ्यांना दिसत नाही. कापायचे तर कुठे? लोहकणांचा द्रव लावून चुंबकीय रेषा उमटवायच्या आणि पात्याने कापायचे, असा प्रकार चाले. १९६७ साली अमेरिकेतील ईको या कंपनीने क्षेपणास्त्र व अवकाश चाचण्यांत वापरल्या जाणाऱ्या काल-संकेतांच्या धर्तीवर टेपसाठी टाइमकोड आणला. प्रत्येक फ्रेमला स्वतःचा पत्ता : तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. पुढे एसएमपीटीई या अभियंत्यांच्या संस्थेने आणि युरोपीय प्रसारण संघाने तो प्रमाण मानला.

२२/
याची रचना पाहण्याजोगी आहे. दर फ्रेमला ८० बिट. त्यांपैकी ३२ वापरकर्त्याच्या नोंदींसाठी मोकळे. शेवटचे १६ म्हणजे खुणेचा शब्द : त्यात सलग बारा 'एक' येतात आणि असे अन्यत्र कुठेही येऊ शकत नाही. या शब्दाची दोन टोके वेगवेगळी असल्याने टेप पुढे चालली आहे की उलटी, हेही कळते. कानाला हा संकेत कर्कश खरखर वाटतो. पण यामुळे प्रथमच सम एका क्षणापुरती राहिली नाही. प्रत्येक मात्रेवर तिचा क्रमांक लिहिला गेला. फळी एकदाच वाजते, टाइमकोड सतत वाजत राहतो.

२३/
इथूनच खरा सिंक्रोनायझर जन्मला. 'क्यू.लॉक', 'लिंक्स' अशा नावांची ही यंत्रे स्टुडिओंत शिरली. काम असे : एका यंत्राला प्रमुख मानायचे, दुसऱ्याला अनुयायी. दोघांचे टाइमकोड वाचायचे. अनुयायी मागे असेल तर त्याला दामटायचे, पुढे असेल तर रोखायचे आणि पत्ते जुळले की त्याची मोटार सूक्ष्म बदलांनी तिथेच धरून ठेवायची. २४ ट्रॅकच्या दोन टेप यंत्रांना एकत्र जुंपणे किंवा व्हिडिओ पाहत पार्श्वसंगीत मुद्रित करणे, हे आता नित्याचे झाले.

२४/
पण घड्याळातच तिढा असेल तर? अमेरिकेत १९५३च्या डिसेंबरात रंगीत दूरचित्रवाणीचे मानक मंजूर झाले. रंगाचा संकेत आणि ध्वनीचा संकेत यांच्या आंतरक्रियेने पडद्यावर ठिपक्यांची जाळी दिसू नये, म्हणून सेकंदाला ३० फ्रेमऐवजी वेग हजाराला एक भाग कमी केला गेला : २९.९७. परिणामी तीसच्या हिशेबाने मोजणारा टाइमकोड तासाला १०८ फ्रेम, म्हणजे ३.६ सेकंद, चुकू लागला. उपाय म्हणून दर मिनिटाच्या आरंभी दोन क्रमांक गाळायचे, मात्र दर दहाव्या मिनिटाला गाळायचे नाहीत. ५४ वेळा दोन, म्हणजे १०८. गाळले जातात ते क्रमांक, चित्रे नव्हेत!

२५/
भारताने ६२५ रेषांची, २५ फ्रेमची युरोपीय पद्धत घेतली आणि १९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले. त्यामुळे या अपूर्णांकातून आपण वाचलो. पण चोवीसचा चित्रपट पंचविसाने दाखवला, की १०० मिनिटांचा ९६ मिनिटांत संपे आणि गाण्याचा स्वर हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराच्या सुमारे सात-दशांशाने चढे. चित्रपटाच्या मूळ मुद्रणात गायकाची पट्टी कोणती होती, हे दूरचित्रवाणीसाठीच्या प्रतीवरून ठरवायला निघालेल्या अभ्यासकाने सावध राहावे.

२६/
अंकीय युगात लयीचा प्रश्न अधिकच कठोर झाला. ध्वनीचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जातात. २४ फ्रेमला प्रत्येकी २,०००; २५ला १,९२०. २९.९७ला मात्र १,६०१.६! म्हणून तिथे पाच-पाच फ्रेमचा गट करून ८,००८ नमुने मोजतात. दोन अंकीय यंत्रे आपापल्या स्फटिकावर चालली तर नमुने सांडतात किंवा दुबार होतात आणि 'टिक्' असे खडे ऐकू येतात. म्हणून साऱ्या स्टुडिओला एकच ठोका पुरवणारे घड्याळ बसवतात. चित्रयंत्रांसाठी तो काळ्या चित्राच्या किंवा त्रिस्तरीय स्पंदाच्या रूपात जातो, ध्वनियंत्रांसाठी 'वर्ड क्लॉक'च्या रूपात.

२७/
आता सिंक्रोनायझर बसवायच्या पायऱ्या पाहा. प्रत्येकीमागचा इतिहास ओळखीचा वाटेल.
• एकच यंत्र प्रमुख ठरवा. दोन मालक म्हणजे एडिसनची दोरी.
• सिंक्रोनायझरला स्वतःच्या घड्याळावर न ठेवता स्टुडिओच्या संदर्भ-ठोक्यावर लावा. हे गोमाँच्या तारांचे काम.
• फ्रेमसंख्या, क्रमांक गाळायचे की नाही आणि नमुन्यांचा दर सर्व यंत्रांवर एकसारखा ठेवा. १९५३चा तिढा विसरू नका.
• वर्ड क्लॉकची तार ७५ ओहमची हवी आणि शेवटच्या यंत्रावर, फक्त तिथेच, तिचे टोक बंद हवे. अन्यथा ठोका परतून येतो आणि अंधुक होतो.
• सर्वांत शेवटी टाइमकोड जोडा. आधी लय, मग सम.

२८/
आणि तपासणी? दीर्घ मुद्रणाच्या आरंभी फळी वाजवा, शेवटी पुन्हा वाजवा. दोन्ही ठिकाणी चित्र आणि ध्वनी यांत समान अंतर असेल तर चूक समेची. तेवढ्या फ्रेम सरकवल्या की काम झाले. आरंभी मेळ आणि शेवटी अंतर असेल तर चूक लयीची. मग टाइमकोड कितीही सरकवला तरी उपयोग नाही, घड्याळ शोधा. सर्वाधिक गोंधळ होतो तो टाइमकोड जोडला म्हणजे वेगही बांधला गेला, अशा समजुतीने. टाइमकोड पत्ता सांगतो. चालण्याचा वेग तो ठरवत नाही.

२९/
हे मी पुस्तकातून शिकलो नाही. मौखिक इतिहासाच्या अभ्यासासाठी गिरणगावातील एका निवृत्त कामगाराची मुलाखत आम्ही घेतली. कॅमेरा वेगळा, ध्वनिमुद्रक वेगळा, दोन्ही स्वतंत्र. आरंभी एक टाळी वाजवली आणि निश्चिंत झालो. शेवटची टाळी वाजवलीच नाही. सत्तर मिनिटांच्या अखेरीस ओठ आणि शब्द वेगळे झाले होते. दोन साध्या स्फटिकांत दहा लाखांत पन्नास भागांचा फरक असला तरी तासाला ०.१८ सेकंद, म्हणजे साडेचार फ्रेमचे अंतर पडते. यंत्रे बिघडलेली नव्हती. आम्हीच त्यांना एक लय दिली नव्हती.

३०/
अडले ते असे की मुलाखतीचा गाभा शेवटी होता. संपानंतरच्या वर्षांविषयी विचारले तेव्हा आजोबा थांबले, मान वळवली, मग बोलले. मान आधी वळली की आवाज आधी कापरा झाला? प्रश्न पूर्ण होण्याआधीच ते थबकले का? मौखिक इतिहासात हा थांबाच पुरावा असतो आणि आमच्या फितीत तो काही फ्रेमने खोटा झाला होता. शेवटी 'प', 'ब', 'म' या ओष्ठ्य वर्णांवर ओठ मिटलेली फ्रेम शोधत, जागोजागी खुणा करत, आम्ही ध्वनीचा वेग सुधारला. मर्च यांनी व्हायोलिनच्या गजाकडे पाहिले, आम्ही ओठांकडे.

३१/
म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. घरात आजीची मुलाखत घ्या, गावातल्या कीर्तनकाराचे मुद्रण करा किंवा जुन्या टेप संगणकावर उतरवा. नोंदवहीत चार ओळी अवश्य लिहा : चित्राचा वेग किती, ध्वनीचा दर किती, दोन्ही यंत्रे एका घड्याळावर होती का आणि मेळाची खूण कुठे आहे. टाळी दोनदा वाजवा, पहिली आणि शेवटची. डिक्सनने नळकांड्याच्या डबीवर अशी एक ओळ लिहिली असती, तर ते दोन नर्तक शंभर वर्षे मुक्याने नाचले नसते.

३२/
धागा येथे संपतो. तुमच्या घरी किंवा गावच्या वाचनालयात चित्र एकीकडे आणि आवाज दुसरीकडे पडलेले असे एखादे मुद्रण असेल, तर त्याविषयी खाली जरूर लिहा. सम कुठे हरवली आणि लय कुठे सुटली, ते मिळून शोधू.